नेटा स्लेटरच्या फुल्या

शब्दकोशासाठी रोना मॅथीसनने लिहिलेला प्रोग्रॅम तसा गुणी होता. स्कॉट्स भाषेत एकच शब्द गावागणिक वेगळा लिहितात, आणि एका घरातल्या दोन सख्ख्या बहिणी तरी तो सारखा लिहितील याची खात्री देता येत नाही. 'क्लार्टी' म्हणजे चिखलाने बरबटलेलं; जुन्या कागदांतून त्याची अकरा रूपं निघाली होती. प्रोग्रॅम अशा रूपांची मोट बांधायचा, म्हणजे कोशात कसंही लिहून शोधा, शब्द हाती लागायचा.

किनाऱ्यावरच्या पोर्टनॉकी गावाची पत्रं आली आणि या गुणी बाळाचं डोकं फिरलं. पत्रं एल्सी स्लेटर नावाच्या कोळणीची. हेरिंग मासे साफ करायच्या कामावर ती दर वर्षी दूर इंग्लंडात यार्मथला जायची आणि तिथून घरी लिहायची. तिचे चारशे बारा शब्द प्रोग्रॅमने निव्वळ चुका म्हणून बाजूला काढले. शुक्रवारी कोशाची यादी बंद होणार होती, आणि हे शब्द दुसऱ्या कुणी कधी कागदावर उतरवलेच नव्हते. आता गेले की कायमचे गेले.

रोनाने दोन दिवस प्रोग्रॅम उलटासुलटा केला. तिसऱ्या दिवशी तिला सुचलं की तो शिकला कुणाकडून ते बघावं. नमुन्याचे दोनशे शब्द गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे आणि त्या खुणांवरून प्रोग्रॅमने पुढचं ओळखायचं, अशी पद्धत होती. तपासणारी होती नेटा, एल्सीची मुलगी, वय त्र्याऐंशी. पत्रं तिनेच तर दिली होती. तिच्या कागदावर एकशे नव्वद फुल्या होत्या. रोनाला आधी हसू आलं, मग तिने बसचं वेळापत्रक काढलं.

बुधवारी ॲबरडीनहून बस पकडून ती नेटाच्या दारात उभी राहिली. नेटाने चहा ओतला, लोण्याचे चपटे खारट पाव पुढे ठेवले, आणि दुसरा पाव संपेपर्यंत कामाचं बोलू दिलं नाही. मग रोनाने कागद काढला.

"मिस स्लेटर, हे शब्द तुमच्या गावात कुणी बोलत नाही?"

"बोलत कसे नाहीत? मी सकाळपासून हेच बोलतेय."

"मग फुल्या का?"

नेटाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही पोरगी कॉलेजात काय शिकली कुणास ठाऊक. "वर काय लिहिलंयस? बरोबर की चूक. मग चूकच आहे ना, पोरी. वर्गात इंग्रजी सोडून असं लिहिलं की बाई पट्टा काढायच्या. दोन्ही हात पुढे, एकावर एक."

हे सांगताना तिचा आवाजही बदलला नाही. रोनाला स्वतःचीच लाज वाटली. या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांपुढे बरोबर-चूक असा कागद ठेवायचा आणि वर प्रोग्रॅमला दोष द्यायचा! तिने कात्रीने कागदाचा माथा कापून टाकला.

"बाईंना राहू द्या," ती म्हणाली. "तुमची आई असं लिहायची का, एवढंच सांगा."

नेटाने चष्मा पुसला आणि पहिला शब्द हळूच उच्चारला. मग दुसरा. पेन्सिल हातात तशीच राहिली.

"आईची पत्रं मी बाईंसारखी तपासली," ती म्हणाली. "सगळ्यांत तिला नापास केलं."

 रोनाने चहा गरम करून आणला. तोवर नेटा खोडरबर घेऊन कामाला लागली होती. शब्द मोठ्याने म्हणायची, मध्येच खुदकन हसायची, फुली पुसून बरोबरची खूण करायची. कधीकधी अख्खं वाक्यच आठवायचं, आणि ते आजच यार्मथहून पत्रात आल्यासारखं ती रोनाला ऐकवायची. चारच्या सुमाराला कागद संपला.

रोनाने खुणा मोजल्या. एक फुली तेवढी राहिली होती. नजरचुकीने राहिली असेल म्हणून तिने खोडरबर उचलला, तसा नेटाने तिचा हात धरला.

"ती राहू दे. त्या आठवड्यात तिच्या बोटात सुरी घुसली होती, हाताला चिंध्या बांधून लिहिलंय. आई हा शब्द असा कधीच लिहायची नाही."