तीन प्रश्नांचा कागद

रात्रीचे पराक्रम सकाळी दहा वाजता लंगडत दवाखान्यात येतात. सगळेच काही रात्री धावत येत नाहीत. निम्मे घरी जाऊन झोपतात, उठल्यावर आरशात तोंड बघतात आणि मग त्यांची पाचावर धारण बसते. अपघात विभागाच्या खिडकीत केसपेपर काढणाऱ्या ताईने अशी तोंडं अकरा वर्षं पाहिली होती. कोणाचं नाक वाकडं, कोणाचा ओठ फाटलेला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: जिन्यावरून पडलो. या शहरातले जिने भलतेच मारकुटे दिसतात, असं ती म्हणायची.

मग टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद छापून घेतला. ताईने खिडकीतच विचारून भरायचा, आणि त्यावर तीनच प्रश्न. कुठे लागलं, कशाने लागलं, किती वाजता लागलं. नाव नाही, पत्ता नाही, पोलिसांचा ससेमिरा नाही. नाव विचारलं नाही की माणूस चक्क खरं बोलतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या वरच्या खोलीत बैठक भरायची आणि ताई तिथे यादी वाचायची. ऐकायला इन्स्पेक्टर, डॉक्टरीणबाई आणि बारच्या गल्लीतले सगळे मालक. एका कोपऱ्यावर टॅक्सीसाठी हाणामारी होते हे यादीतूनच कळलं; तिथे रांगेसाठी कठडा बसला आणि डोकी फुटायची थांबली. वर्षभरात टाके निम्म्यावर आले. ताईला त्या यादीचा पोटच्या पोरासारखा अभिमान होता.

पण गल्लीत तिच्या धाकट्या भावाचाही बार होता. वडिलांनी थाटलेला. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा आणि ही सोळाची. तिने त्याला वाढवलं म्हणायचं की लाडावून ठेवलं म्हणायचं, यावर नातेवाइकांत अजून एकमत नाही. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “ताई, भांडण दाराबाहेर झालं तर ते माझ्या माथी कशाला? रस्ता काय माझ्या बापाचा आहे?”

“दार मात्र आपल्याच बापाचं आहे.”

“चेष्टा नको गं. यादीत तीन महिने सगळ्यात वर राहिलो तर दोन तास आधी बंद करायला लावतील. बारा माणसं आहेत माझ्याकडे कामाला.”

“बघते,” ताई म्हणाली. ताईचं ‘बघते’ म्हणजे ‘हो’, हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

त्या महिन्यापासून भावाच्या दाराशी झालेली भांडणं कागदावर ‘रस्त्यावर’ म्हणून उतरू लागली. आधी खरोखर दाराबाहेरची, मग उंबऱ्यावरची, आणि मग सरळ आतल्या टेबलांवरची. लाज वाटायची, पण केसपेपरच्या रांगेत लाज वाटून घ्यायला वेळ कुठे असतो! यादीत रस्ता फुगत गेला. बैठकीतल्या मंडळींनी बिचाऱ्या रस्त्यावर दोन मोठे दिवे बसवले आणि एक हवालदार उभा केला. तो दिव्याखाली जांभया देत राहिला. जखमा काही कमी होईनात.

“मला एक कोडं सुटत नाही,” डॉक्टरीणबाई एकदा कागद चाळताना म्हणाल्या. “रस्त्यावर एवढे काचेचे ग्लास येतात कुठून?”

जागा बदलताना ताई ‘कशाने’चा रकाना बदलायला विसरली होती. तिने मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढच्याच आठवड्यात खिडकीशी भावाच्या बारमधली बाई आली, टेबलांवरचे रिकामे ग्लास गोळा करणारी. डाव्या डोळ्याखाली फडकं दाबलेलं, फडकं लाल झालेलं.

“कुठे लागलं?” ताईने विचारलं.

“रस्त्यावर लिहा.”

“अगं, तू तर आत काम करतेस.”

“शेठ म्हणाले, रस्त्यावर सांग, पुढचं ताई बघून घेतील.” बाईने दुसऱ्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच ताईला सहन झालं नाही. “दोघं भिडले, मी मध्ये सापडले. डोळा वाचेल ना हो?”

डोळा वाचला. अर्धं बोट वर लागलं असतं तर वाचला नसता, असं डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या. ताईने कागदावर भावाच्या बारचं नाव लिहिलं. दुपारी जुने कागद काढले आणि एकेक आठवून वेगळा केला. एकोणीस निघाले.

सोमवारच्या बैठकीत तिने यादी वाचली. भावाच्या बारपाशी पोचल्यावरही थांबली नाही. “गेल्या महिन्यात सात. आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत मी रस्त्यावर दाखवलेले एकोणीस. तेही तिथलेच. मी खोटं लिहिलं होतं.”

मालक एकमेकांकडे बघू लागले. धाकट्याचे कान लालबुंद झाले. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे.

ठरलं ते साधंच होतं. त्याच्या बारमध्ये काचेऐवजी न फुटणारे ग्लास, झोकांड्या खाणाऱ्याला आणखी पेला नाही, आणि तीन महिने दोन तास आधी बंद. धाकट्याने सगळ्याला मान डोलावली. मग डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या. त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. “कागद यापुढे दुसरं कोणीतरी भरेल,” त्या म्हणाल्या. ताईने गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. अकरा वर्षांच्या नोकरीत एवढं कशाचंच वाईट वाटलं नव्हतं.

धाकटा जिन्यात तिची वाट बघत उभा होता.

“मला आधी सांगायचं तरी,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर कशाला? सख्खा भाऊ ना मी तुझा?”

“आधी सांगितलं असतं तर तू मला गप्प बस म्हणाला असतास.”

“मग?”

“मग मी बसले असते.”