बेपोचा वरचा सूर

क्रोएशियातल्या स्प्लिट शहराच्या इस्पितळात माझी खाट बेपोच्या शेजारी होती, म्हणून हे मी सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर खुशाल थाप समजा.

बेपो आमच्या बेटावरच्या गायकमंडळाचा वरचा सूर. आठ पुरुष, वाद्य एकही नाही, आणि बेपोने सूर लावला की बंदरातली गाढवं लाजून माना खाली घालायची. त्याचं हृदय मात्र ताल सोडून धावायचं. गोळ्या पोटात टिकेनात, म्हणून ताल आवरणारं औषध महिनोन्महिने शिरेतून, थेंब थेंब. नवं हृदय मिळेपर्यंत.

ताल आवरला, पण औषधाने बाकीच्या अंगात खोड्या केल्या. आधी चेहरा निळसर राखाडी झाला, टोपलीतल्या बांगड्यासारखा. खिडकीशी उभा राहिला की मागच्या समुद्रात विरघळून जायचा; सिस्टर नेवेंका खाट रिकामी समजून चादरी काढायला लागायची. मग दिव्यांभोवती कडी दिसू लागली. "इथे दिवेसुद्धा संत झालेत," तो म्हणायचा. शेवटी गळ्यातली ग्रंथी मंदावली आणि आवाज घोगरा होत होत पार विहिरीच्या तळाला गेला.

तरी त्याला घोर नव्हता. लूक्षा, मंडळातला खर्ज आणि बेपोच्या मुलीचा धर्मपिता, खाटेवर बसून म्हणाला होता, "तू येईपर्यंत आम्ही तोंड उघडणार नाही. ऑगस्टातली संत रोकोची जत्रा मुकी गेली तरी चालेल." जाताना बेपोचा गाताना बांधायचा लाल कमरबंदही 'जपून ठेवतो' म्हणून घेऊन गेला.

जत्रेच्या संध्याकाळी मंडळ बेटावरून होडीने येऊन खाली इस्पितळाच्या अंगणात उभं राहिलं. बेपो सलाइनचा खांब ओढत खिडकीशी धावला. गाणं सुरू झालं. आणि वरचा सूर लागला! लूक्षाचा जावई दिन्को, कमरेला लाल कमरबंद.

"कमरबंदही माझाच का रे?" बेपो गरजला. काचा थरथरल्या, बंदरातल्या होड्या दोरांना झोंबल्या.

लूक्षा चक्क खूश! "अरे, काय खर्ज लागलाय! मी थकलो, माझी जागा घे की!"

"हा कधीपासून गातोय?"

"लोकांना गाणं लागतं रे... मे महिन्यापासून."

"मे महिन्यात तू माझ्या खाटेवर बसून माझीच सुकी अंजिरं खात होतास, लूक्षा."

बेपोने खिडकी लावून घेतली. खालच्यांनी त्याला खुलवायला दुसरं गाणं धरलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. हुंदका काही ऐकू आला नाही. फक्त माझ्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला बराच वेळ किणकिणत राहिला.