पट्टी लावून खाल्लेली पानं

परगावच्या कामाला निघताना ताईने धाकट्या भावासमोर दोन भविष्यं ठेवली होती. ती रविवारी परत येईपर्यंत घरातला तिचा फिशटँक नीट राहिला, तर ती त्याला आपल्या धंद्यात घेणार; ऑफिसांत, दवाखान्यांत टँक बसवायचे, त्यातली झाडं सांभाळायची. नाही राहिला, तर मामांचं गाद्यांचं गोदाम. तिथे दिवसभर गाद्यांमध्ये उभं राहायचं. आडवं होण्याबद्दल मामांची मतं ठाम होती.

आणि टँकमधली झाडं रोज विरळ होत होती.

धाकट्याला एका जागी बसवेना. काचेला नाक लावायचा, खिडकीशी जायचा, परत काचेला नाक. झाडांचे आजार त्याने वाचून पाठ केले होते. कोवळी पानं पिवळी पडली तर लोह कमी. जुनी पिवळी पडली तर नायट्रोजन. इथे पिवळं काहीच नव्हतं. पानं ठणठणीत होती, फक्त उरत नव्हती. काहींच्या कडा तर इतक्या सरळ, की कुणीतरी पट्टी लावून खाल्ली असावीत.

संशय काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सकर माशावर गेला. दिवसभर काचेला तोंड चिकटवून गप्प. मनात पाप असल्याशिवाय एवढं गप्प कोण बसतं? धाकट्याने त्याला बादलीत नजरकैदेत टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी पानं गायब.

"टोळी आहे," धाकटा बाबांना म्हणाला.

"असेल बाबा," बाबा म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. "खालची, जुनी पानं दाखव."

"जुनी नाहीतच. सगळी नवी आहेत."

"झाडं काय काल जन्मली? कुठे गेली जुनी?"

"सकरने खाल्ली. अटक केलीय त्याला."

"अरे गधड्या, सरळ कडा दिसतायत मला. माशाकडे कात्री असते का?"

कात्री घरात एकाकडेच होती. बाबांनी हयात शिवणकामात घालवली होती आणि भोक पडलेली वस्तू डोळ्यांसमोर राहू देणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसे.

"भोकं पडली होती पानांना," बाबा पेपराआडून म्हणाले. "चार लोक येतात, बघतात. सकाळी उठून तेवढी कापत होतो. काहींची नुसती कड सरळ केली."

"कसली भोकं? कडा पिवळ्या होत्या?"

"भोक म्हणजे भोक. मी काय त्याची चौकशी करत बसतो?"

ताईने कपाळाला हात लावला. "बाबा, झाडाला खायला कमी पडलं की ते जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. म्हणून दुखणं आधी जुन्या पानावर दिसतं."

"म्हणजे म्हाताऱ्याने वाळायचं, पोरांनी हिरवं राहायचं?"

"झाडांमध्ये, बाबा."

"मी झाडांचंच बोलतोय," बाबा धाकट्याकडे बघत म्हणाले.

सकरची निर्दोष सुटका झाली. कापाकापी बंद झाली. आता पानं खराब होण्याची वाट बघणं आलं आणि घरात दोघं येरझारा घालू लागले. खोली लहान, मध्यावर एकमेकांना वाट द्यावी लागे. शेवटी शनिवारी एका खालच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं उमटली, प्रत्येकाभोवती पिवळी कड.

"पोटॅशियम कमी!" धाकटा लॉटरी लागल्यासारखा ओरडला आणि खत आणायला धावला.

पण एका दिवसात खत काय करणार? रविवारी रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हा टँक अर्धा टकला होता आणि उरलेल्यात भोकं.

"एक मिनिटाचं काम आहे," बाबा कुजबुजले. कात्री हातातच होती. "निदान नीटनेटकं तरी दिसेल."

धाकट्याने टँककडे बघितलं. मग गाद्या डोळ्यांसमोर आल्या. त्याने कात्रीकडे हात नेला, जिन्यावर पावलं ऐकली आणि हात पाठीमागे घेऊन बाबांच्या आणि टँकच्या मध्ये उभा राहिला.

"राहू दे, बाबा. बघू दे तिला."

ताई आत आली. वाकली. बराच वेळ खालच्याच पानांकडे बघत राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊन धाकट्याचे दोन्ही पाय संपले.

"वाट लावलीय," ती म्हणाली. मग फोन वाजला, तिने घेतला, ठेवला. "दाताचे डॉक्टर. त्यांच्या टँकमधली पानं पिवळी पडतायत."

"कुठली? वरची की खालची?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

ताईने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"तेच विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "तू लाव त्यांना फोन. मी मामांना लावते, गोदामाला दुसरा माणूस बघा म्हणून."