शनिवारचं शेवाळपाणी

पेणच्या खाडीकाठी कोळंबीचं बी तयार करणारी एक हॅचरी आहे. तिथल्या शेवाळाच्या खोलीत इझिकेल अकरा वर्षं जवळजवळ राहतच होता म्हणा ना. फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत पातळ चहाच्या रंगाचं पाणी, मागे ट्यूबलाइटचा उजेड आणि खालून वर येणारे बुडबुडे. त्या पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ म्हणजे कोळंबीच्या पिल्लांचं पहिलं जेवण. रोज थोडं नव्या बरणीत ओतत राहायचं, तरच ते जगतं. बुडबुड्यांकडे बघत बसला की इझिकेलला वाटे, ही खोलीच श्वास घेतेय आणि आपण तिच्या पोटात निवांत तरंगतोय. सगळी भावंडं इस्रायलला गेली, हा शेवाळापायी मागे राहिला, असं गाव चेष्टेनं म्हणे. चेष्टा खरीच होती. त्यातून गंमत अशी, की तो ज्यू, आणि ज्यूंना कोळंबी वर्ज्य, त्यामुळे ती त्याने जन्मात तोंडात घातली नव्हती.

मग कंपनीने शेवाळाऐवजी द्यायची पावडर आणली. डब्यातून काढायची, पाण्यात कालवायची, टाकीत सोडायची. मॅनेजर कमळाकरांनी दोन टाक्या लावल्या. एकीत शेवाळ, दुसरीत नुसती पावडर. तीन आठवड्यांनी पावडरीचं बी जास्त जगलं, तर शेवाळाच्या खोलीला कुलूप. दोन्ही टाक्या इझिकेलनेच सांभाळायच्या होत्या. शुक्रवारी सूर्य बुडाला की ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो, म्हणून शनिवारी तो कामाला हात लावत नसे; त्या दिवसापुरती साफसफाई करणारी रोह्याकडची मालू बघे.

मोजणीच्या सकाळी शेवाळाच्या टाकीत शंभरातली सत्तर पिल्लं जगलेली निघाली. पावडरीच्या टाकीत शहात्तर. इझिकेलने तीनदा मोजलं.

मालू फरशी पुसत होती. "जगली ना काका?" ती खुशीत म्हणाली. "मी दर शनवारी मगभर घालत व्हते त्या पावडरवाल्यांना."

"काय घालत होतीस?"

"आपल्या बरणीतलं पाणी. हप्ताभर कोरडं खायाचं बिचाऱ्यांनी? आमच्याकडं सणाला गुरांना बी गोड घालतात. तुमचा सणाचा दिस, म्हटलं त्यांना बी कायतरी."

इझिकेलला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. पावडर एकटी जिंकलीच नव्हती. आता नुसतं वर जाऊन कमळाकरांना सांगायचं, की खोली वाचली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्यावर त्याला इथेच कामाला असलेला नितेश आठवला. न विचारता टाकीत औषध टाकलं म्हणून त्याला गेल्या वर्षी त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं होतं. मालूचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. इझिकेल तिथेच पायरीवर बसला. मग उठून वर गेला.

"पावडरीच्या टाकीत शेवाळ गेलंय," तो म्हणाला. "दर शनिवारी एक मग. मीच मालूला सांगितलं होतं."

कमळाकरांनी चष्मा काढला. "तुम्ही तर शनिवारी फोनसुद्धा उचलत नाही."

"शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सांगून जायचो."

कमळाकर माणूस वाईट नव्हता. आकडे त्यांनी पुन्हा पाहिले. नुसत्या शेवाळापेक्षा पावडर आणि वर आठवड्याला मगभर शेवाळ, हे सरस दिसत होतं.

"म्हणजे खोली ठेवावी लागणार," ते म्हणाले. "पण न विचारता टाकीत हात घालणारा माणूस मला ठेवता येणार नाही, इझिकेलभाऊ. नितेशला ठेवला नाही. महिनाअखेरपर्यंत बरण्यांचं काम मालूला शिकवून द्या."

खाली आल्यावर त्याने मालूला एवढंच सांगितलं, की उद्यापासून बरण्या तू बघायच्या. त्याने दोष स्वतःवर घेतला आणि नोकरी घालवली, हे तिचं तिला समजलं.

"मी जाऊन सांगते सायबांना," ती रडत म्हणाली. "तुमी कशाला खोटं बोललाव?"

"सांगितलंस तर दोघंही जाऊ. मग या बरण्यांना कोण बघेल गो?" त्याने भरलेली बरणी तिच्या हातात दिली. "तिरकी धर. घाई नाय करायची, त्यांना धक्का सोसत नाय."

तिने बरणी तिरकी केली. त्याने तिचं मनगट धरलं. नव्या बरणीत बारीक धार पडू लागली, एकदा तुटली, पुन्हा लागली. ती नीट पडायला लागल्यावर त्याने हात सोडला.