मंगळवारची पाहणी

साहेब बोटाला थुंकी लावून कागद उलटायचे, ते एक वेळ चाललं असतं. पण तेच ओलं बोट ते टॅबच्या काचेवरूनही फिरवायचे, आणि तो टॅब मग दिवसभर मोजणीवालीच्या हातात. ती तो आधी ओढणीला खसाखसा पुसून घ्यायची.

शहरातली कोणती जागा कशासाठी वापरात आहे, याची यादी आणि नकाशा करायचं काम होतं. घर असलं की पिवळा रंग, दुकान असलं की निळा. काहीच नसलं तर करडा, आणि पुढे 'वापर नाही'. भेटीच्या वेळी जे दिसेल तेच भरायचं. कधी, कुठे जायचं ते साहेब ठरवायचे.

पंधरवड्यापूर्वीच्या मंगळवारी तिने कालव्याकाठचं मैदान करडं करून टाकलं होतं. चार कोपऱ्यांतून चार फोटो काढले. तिथे चिटपाखरूही नव्हतं. जमिनीत दहा-दहा पावलांवर रांगेने गोल भोकं होती, ती तिला दिसली होती. पण ऊन मी म्हणत होतं, घरी जायची घाई होती, तिने कोणाला विचारलं नाही.

या गुरुवारी सकाळी ती शेजारची गल्ली करायला आली आणि जागच्या जागी थबकली. भोकांत बांबू उभे होते, दोऱ्या ताणलेल्या होत्या, मैदानभर ओल्या चादरी होत्या.

"हे रोज असतं?" तिने धुलाईवाल्या काकूंना विचारलं.

"मंगळवार सोडून. मंगळवारी आमची सुट्टी. बांबू-दोऱ्या घरी नेतो, नाहीतर कोणीतरी लंपास करतं." काकूंनी चादरीचं टोक तिच्या हातात कोंबलं. "धरा जरा. अठरा घरांचं पोट आहे यावर. इथे नाही वाळवायच्या तर काय डोक्यावर वाळवू?"

तिने ऑफिस गाठलं आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"मंगळवारी त्यांची सुट्टी असते, हे मला माहीत आहे की," साहेब म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला मंगळवारी पाठवलं. तिथे गाड्यांचा तळ करायचाय, वरून निरोप आहे. तुम्ही काही खोटं लिहिलं नाहीत, मीही नाही. उगाच नाकाने कांदे सोलू नका."

त्यांनी बोट जिभेला लावून टॅबवरचा नकाशा सरकवला. आठवडी बाजाराची जागा बाजार नसताना पाहिलेली, मुलांचं मैदान ऐन परीक्षेत पाहिलेलं. सगळं करडं, आणि प्रत्येक करड्या तुकड्याखाली तिचं नाव. तिला किळस आली. साहेबांची तर आलीच, पण त्या मुकाट करड्या रंगाखाली निवांत बसलेल्या स्वतःच्या नावाची जास्त आली.

कालव्याकाठच्या नोंदीवर लोकांनी हरकत घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. चार वाजता ती हरकतीचा कोरा फॉर्म घेऊन मैदानावर गेली. काकूंना तिने मंगळवारची गोष्ट सांगितली, काही न लपवता. काकूंच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी हात पदराला पुसले आणि पेन घेतलं.

"पाहणी कोणी केली, ते नाव लिहायचंय इथे."

तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. काकूंनी नाव उतरवलं आणि पुढे लिहिलं : चुकून.

"'चुकून' नको," ती म्हणाली. "त्यावर नुसता शेरा मारून ते मोकळे होतात. 'हयगय' लिहा. हयगय म्हटलं की नियमाने पुन्हा पाहणी करावीच लागते, तीही दुसऱ्या माणसाकडून."

"आणि पहिल्या माणसाचं काय होतं?"

"कामावरून काढतात."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, आता त्या पेन खाली ठेवतील, निदान थोड्या घुटमळतील तरी.

काकूंनी 'चुकून' खोडलं आणि विचारलं, "हयगयमध्ये 'ह'वर मात्रा नसते ना?"