त्या चकचकीत खोक्याचा हेवा

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी डिस्क आहे. माझ्या पाठीवर ओरखडे आहेत, खोक्याची एक कडी तुटली आहे आणि स्वभावाने मी जळकी आहे. हे शेवटचे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत झाला. तिथे एक नवराबायको खेळ बनवत. माझ्या खेळात एक होडी आहे. एका खेळाडूकडे डावे वल्हे, दुसऱ्याकडे उजवे. दोघांची लय जुळली तर होडी पुढे सरकते, नाहीतर जागच्या जागी गरगरते. पाण्याचा आवाज बायकोने बादलीत हात फिरवून टिपला होता. खोक्यावर ‘अथांग सागरातला थरार’ असे छापावे, असा नवऱ्याचा हट्ट होता. बायको म्हणाली, “नदी आहे ना? मग नदीच लिही.” तसेच छापले गेले. खाली एक ओळ आली : दोघांनी शेजारी बसून खेळायचा खेळ.

मग मी खेळांच्या एका दुकानात आले आणि मला अगदी नजरेसमोरचा कप्पा मिळाला. दुकानाच्या मालकीणबाई मला भाड्याने देत. भावंडे ओढाताण करत मला घरी नेत आणि पुन्हा मागायला येत. माझे दिवस मजेत चालले होते.

मग तो नवा खेळ आला. त्याचे खोके इतके चकचकीत, की त्यात गिऱ्हाइके आपले केस सारखे करत. दुकानाच्या काचेवर त्याचे भलेमोठे पोस्टर लागले. कोपऱ्यातल्या टीव्हीवर दिवसभर त्याचीच जाहिरात. ढगांतली शहरे, पंखांचे घोडे आणि शेवटी दोन मित्र हातात हात घालून पूल ओलांडतात. एक आवाज म्हणतो, ‘दूर असलात तरी एकत्र खेळा!’ माझा कप्पा त्याला मिळाला. मला खाली, काच पुसायच्या फडक्यांशेजारी सरकवले. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येई.

एक मुलगी आईबरोबर आली. तिचा दादा नोकरीसाठी लांबच्या गावी गेला होता. तोही तिकडे हाच खेळ घेणार होता आणि संध्याकाळी दोघे मिळून खेळणार होते. तिने ते खोके छातीशी धरून नेले. मला असे कुणी कधी नेले नव्हते.

चारच दिवसांत मायलेकी परत आल्या. काय झाले ते आईने सांगितले. दोघेही फोन कानाला लावून खेळायला बसले. दादा म्हणाला, मी पुलावर उभा आहे. ही म्हणाली, मीपण पुलावरच आहे. पण दोघांनाही आपापला पूल रिकामाच दिसत होता. एकत्र खेळायची सोय त्या खेळात नव्हतीच. शहरे म्हणजे नुसती चितारलेली दारे, एकही उघडत नव्हते.

मग गिऱ्हाइकांची रीघच लागली. तक्रार सगळ्यांची तीच. कंपनीचे म्हणणे, खोके उघडले की पैसे परत नाहीत. मालकीणबाईंनी पोस्टर उतरवले आणि कंपनीच्या माणसाला बोलावून घेतले. एका टीव्हीवर जाहिरात लावली, दुसऱ्यावर खेळ. “यातलं काय त्यात आहे, ते मला दाखवा,” त्या म्हणाल्या. गावोगावची माणसे अशीच हटून बसली, तेव्हा कुठे कंपनी नमली आणि पैसे परत करायला तयार झाली.

परत आलेली ती खोकी माझ्या शेजारी खाली येऊन पडली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता माझीच पाळी, असे मला वाटले. मालकीणबाईंनी खरेच मला उचलून त्या मुलीपुढे धरले. तिने खोक्यावरची ओळ वाचली आणि मला हळूच परत ठेवले.

“याला शेजारी बसावं लागतं,” ती म्हणाली. “मला दादा तिकडून दिसायला हवा होता.”

तेव्हा मी सर्वांत जास्त जळले. तो खोटा ठरला होता, तरी तिला हवे होते ते त्यानेच कबूल केलेले. माझ्या खरेपणात ते नव्हते.

पुढे दादा सुट्टीवर आला आणि दोघे भावंडे मला विकत घेऊन गेली. दादाला सारखी घाई, त्यामुळे होडी गरगरायची. ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची, आई स्वयंपाकघरातून हसायची. एकदाचा किनारा लागला, तेव्हा कितीतरी वेळ दोघांपैकी कुणीच उठले नाही.

आता दादा पुन्हा गेला आहे. ती रोज त्याच्याशी फोनवर बोलते आणि मी टेबलाच्या खणात पडून ऐकते. सध्या मला त्या फोनचा हेवा वाटतो. परवा तिने मला काढले, दोन्ही हातांत दोन कंट्रोलर धरून एकटीनेच वल्हवून पाहिले आणि पुन्हा ठेवून दिले.

मित्रांनो, माझ्यासारखीला कडेने धरा, मऊ कापडाने पुसा, उन्हात टाकू नका. विकत घेण्याआधी खेळात खरोखर काय आहे ते विचारा, आणि फसवले तर गप्प बसू नका. आणि घरातले कुणी खेळायला बोलावले, तर हातातले काम ठेवून थोडा वेळ जाऊन बसा. बोलावणारे माणूस घरात आहे, तोवरच ते जमते.