आडातनं काढलेलं बाळ

मी गळ बोलतोय. मासे धरायचा नव्हे, आडात पडलेली भांडी वर काढायचा लोखंडी गळ. रहिमतपूरच्या लोहाराने मला घडवलं आणि हंबीररावांनी आणून परसातल्या खुंटीला टांगलं. पुढे लढाई लागली, ते पलटणीत गेले. घरात राहिल्या त्यांची आई राहीबाई, बायको शालूबाई आणि तान्ही मनू.

मनूला मी वाढताना पाहिलं. आधी खुळखुळा पदराखाली गेला की तिच्या लेखी तो संपायचा. मग एक दिवस तिने पदर उचलून बघितलं. घरात केवढं कौतुक झालं.

दोन वर्षांची झाल्यावर तिने आडात तांब्या टाकला. शालूबाईंनी मला दोराने सोडून तो वर काढला, तशा मनूने टाळ्या पिटल्या. मग वाटी गेली, पळी गेली. मी आपला गुमान वर आणत राहिलो. बायका हसायच्या. मला काही ते बरं वाटेना.

हंबीरराव सुट्टीवर येऊन गेले आणि पुढे मनूला भाऊ झाला.

"ह्यो कुठनं आणला?" तिने आजीला विचारलं.

"आडातनं काढला गं, त्या गळानं. तू बी तिथलीच," राहीबाई म्हणाल्या.

आपल्याकडे पोरांना असंच काहीतरी सांगतात आणि विसरून जातात. मनू विसरली नाही. ती कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून बघत बसली.

भाऊ सारखा रडायचा, आई त्यालाच घेऊन बसायची. एका दुपारी शालूबाई चुलीपाशी असताना मनूने त्याला झोळीतून ओढून काढलं आणि छातीशी धरून आडाकडे निघाली. माझा जीव टांगणीला लागला, पण ओरडायला मला तोंड कुठं? तिने बाळ कठड्यावर टेकवलं, तेवढ्यात शालूबाईंनी धावत येऊन हिसकावून घेतलं.

"काय करत हुतीस गं?"

"लय रडतोय. परत ठेवती. गप झाला की काढू की," मनू शांतपणे म्हणाली.

शालूबाईंनी तिला बडव बडव बडवलं. राहीबाईंनी बाळ उचलून आत नेलं. आडावर फळ्या आल्या, पण पाणी भरायला त्या रोज सरकवाव्याच लागतात.

मार का बसला, हे कुणी तिला सांगितलं नाही. पोर दुष्ट नाही हो. पाहिलेलं आणि ऐकलेलं तिने जोडलं, इतकंच. पूर्वी मनात येईल ते बोलायची. आता गप्प असते, आणि परसात आली की आधी मागे वळून बघते, कुणी आहे का.

कुणीतरी तिला जवळ घ्या आणि सांगा, मी भांडी वर आणतो, जीव नाही. आजच सांगा. भाऊ पुन्हा रडायला लागलाय, आणि फळ्या सरकवलेल्याच आहेत.